हळकुंड, द्राक्षं आणि तांब्या: रंगीत पेन्सिलीतलं वस्तुचित्र पहिल्यापासून

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या प्रत्येकाने कधीतरी टेबलावरची बादली, कांदा आणि मागे सोडलेलं कापड काढलेलं असतं. रंगीत पेन्सिल हातात घेऊन तसंच वस्तुचित्र हुबेहूब काढायचं असं पुढे वाटतं, तेव्हा शाळेत शिकलेलं निम्मंच कामाला येतं. रेषा आणि उजेड-सावली तीच राहते, पण रंग लावायची रीत उलटी होते, आणि ती कुणी सांगत नाही. मिरज-सांगलीत रंगीत पेन्सिलीवर गंभीरपणे काम करणारे फार नाहीत, त्यामुळे विचारायचं कुणाला हाही प्रश्न असतो. म्हणून हे लिहिते आहे.

मी ख्रिस्ती आहे आणि माझ्या कामाची रीत माझ्या विश्वासातून आली आहे, हे आधीच सांगते. पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देव निर्माण करतो आणि मग निर्माण केलेलं पाहतो, ते चांगलं आहे असं पाहतो. त्याने जे चांगलं म्हणून पाहिलं ते आपणही नीट पाहावं, हाच माझ्या चित्रांचा सगळा हेतू. यातून काही अगदी व्यवहारी नियम निघतात: वस्तू आहे तशी काढायची, तिला सजवायचं नाही, आणि पाहण्याला काढण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा. तुमचा विश्वास वेगळा असला तरी हे नियम तुमच्या उपयोगाचे आहेत.

१. सामान जमवा, पण सगळं एकदम नको

पेन्सिली दोन जातीच्या असतात. मेणाच्या बांध्याच्या (म्हणजे रंगाची भुकटी मेणाने बांधलेल्या) मऊ असतात, भराभर रंग सोडतात, पण टोक लवकर बसतं आणि मोडतंही; प्रिझ्माकलर प्रीमियर या जातीतली. तेलाच्या बांध्याच्या जरा कडक, टोक टिकवणाऱ्या. फाबर-कास्टेलची पॉलिक्रोमोस यातली, १९०८ पासून निघते आहे. बारीक कामाला मला तेलाची बरी वाटते. शाळकरी पेन्सिलींचा बारा रंगांचा डबा सरावाला चालतो, पण त्यात रंगद्रव्य कमी आणि भरणी जास्त असते. चार-पाच थरांनंतर रंग वाढायचा थांबतो आणि नवख्याला वाटतं की आपलाच हात कमी पडतोय.

बहात्तर किंवा एकशेवीस रंगांचा डबा घेऊ नका. चांगल्या कंपन्यांच्या पेन्सिली सुट्या मिळतात. सांगलीत नाही मिळाल्या तर पुण्यातून किंवा ऑनलाइन मागवा. या लेखातल्या चित्राला एवढ्या पुरतात:

- हस्तिदंती किंवा क्रीम, पांढरी
- फिकट पिवळी, पिवळा गेरू, नारिंगी
- विटकरी, बर्न्ट सिएना, गडद सेपिया
- गडद लाल, जांभळी
- पोपटी, ऑलिव्ह, गडद हिरवी
- आकाशी, इंडिगो
- दोन करड्या, एक उबदार आणि एक थंड

यापलीकडे लागतं ते असं:

- गुळगुळीत पण किंचित दाणा (म्हणजे रंग धरणारा बारीक खरखरीतपणा) असलेला, आम्लरहित, २५० ते ३०० जीएसएमचा जाड कागद. हॉट प्रेस्ड (गुळगुळीत दाबलेला) वॉटरकलर कागद उत्तम, ब्रिस्टल नावाचा गुळगुळीत जाड कागद चालतो
- चांगलं शार्पनर आणि एक ब्लेड
- नीडेबल खोडरबर (पिठासारखं मळता येणारं) किंवा ब्लू टॅक (भिंतीला कागद चिकटवायची मऊ चिकटमाती)
- मऊ रुंद ब्रश, कागदावरची भुकटी झटकायला
- मास्किंग टेप, ट्रेसिंग पेपर
- आटलेलं बॉलपेन, ज्यातून शाई येत नाही

कागदावर पैसे वाचवू नका. पेन्सिली स्वस्त आणि कागद चांगला असेल तर चित्र निभावतं. उलटं केलं तर निभावत नाही. कार्ट्रिज पेपरवर, म्हणजे शाळेतल्या साध्या ड्रॉइंगच्या कागदावर, तिसऱ्या थरालाच दाणा भरून जातो.

आणखी एक गोष्ट विकत घेतानाच बघा: रंग उन्हाला किती टिकतो. पॉलिक्रोमोसच्या दांड्यावर चांदण्या छापलेल्या असतात, तीन म्हणजे सगळ्यांत टिकाऊ. जांभळे आणि गुलाबी रंग बहुतेक कंपन्यांचे कच्चे असतात. काळ्या द्राक्षांचं चित्र काढायचं असेल तर हे फार महत्त्वाचं. खात्री नसेल तर कागदाच्या पट्टीवर रंग लावा, अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाका आणि मार्च ते मे आपल्याकडच्या उन्हाच्या खिडकीत चिकटवून ठेवा. उत्तर मिळतं.

२. वस्तू निवडा: तीनच, आणि रोजच्या

सांगलीसारख्या ठिकाणी वस्तू शोधायला जावं लागत नाही. इथल्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तासगावची द्राक्षं जानेवारीपासून बाजारात असतात, आणि तांब्या घरोघरी. साताऱ्याकडचे असाल तर वाघ्या घेवड्याचे ठिपक्यांचे दाणे घ्या किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. स्ट्रॉबेरी मात्र पहिल्या चित्राला नको. तिच्या प्रत्येक बीभोवतीच्या खळगीत वेगळा उजेड असतो आणि नवखा माणूस तिथेच दमतो.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) हंगामाच्या उपासनेला लोक आपल्या शेतातलं पहिलं पीक आणतात: ज्वारीची कणसं, भोपळे, नारळ, अंडी, घरची भाकरी. उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. वेदीपुढच्या त्या टेबलाइतकी चांगली वस्तुमांडणी मी कुठे पाहिली नाही, कारण ती कुणी मांडलेली नसते. जो जे आणतो ते जिथे जागा मिळेल तिथे ठेवतो. म्हणून मांडणी करताना वस्तू हातातून सहज ठेवल्यासारख्या ठेवा, एकीने दुसरीला थोडं झाकू द्या, आणि तीनपेक्षा जास्त घेऊ नका.

ख्रिस्ती मित्रमैत्रिणींना एक विनंती. द्राक्षांच्या मागे क्रूस उभा करू नका, तांब्यावर वचन कोरू नका. क्रूस ठेवल्याने चित्र अधिक ख्रिस्ती होत नाही, उलट बघणारा क्रूस वाचतो आणि द्राक्षं बघायचं सोडून देतो. वचन लिहायचंच असेल तर चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहा.

डाग पडलेलं फळ टाकू नका. इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याने १६०० च्या सुमारास फळांची एक टोपली रंगवली. तीत पुढ्यातलंच सफरचंद किडलेलं आहे आणि पानं सुकलेली, भोकं पडलेली आहेत. ते चित्र मिलानचे आर्चबिशप फेदेरिको बोर्रोमेओ यांच्या संग्रहात होतं. आजही ते मिलानच्याच अँब्रोसियाना संग्रहालयात आहे. एका धर्मगुरूला किडकं सफरचंद आपल्या घरात हवंसं वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

३. उजेड एकच ठेवा

चित्र हुबेहूब वाटतं ते रंगामुळे कमी आणि उजेडामुळे जास्त. ट्यूबलाइट चालू, खिडकी उघडी, दारातूनही प्रकाश अशा खोलीत वस्तूला तीन-तीन सावल्या पडतात आणि एकही खरी वाटत नाही.

मोठं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, मिक्सरचं किंवा टीव्हीचं. पुढची बाजू आणि एक कुशी कापून काढा. आतून साधा क्रीम किंवा करडा कागद लावा. उघडी कुशी उत्तरेच्या खिडकीकडे करा, कारण उत्तरेचा उजेड दिवसभरात कमी बदलतो. उत्तरेची खिडकी नसेल तर डाव्या बाजूने, वस्तूंच्या थोडं वरून एक एलईडी दिवा लावा आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. दिवा पांढऱ्या उजेडाचा हवा, पाच हजार केल्विनच्या आसपासचा. पिवळ्या दिव्याखाली हळदीचा पिवळा कळतच नाही. तुमच्या कागदावर पडणारा उजेडही त्याच जातीचा असू द्या.

आता बसा आणि पहा. पेन्सिल हातात घेऊ नका. डोळे बारीक करून पाहिलं की बारकावे विरतात आणि फक्त उजळ-गडद भाग उरतात. हे शोधा: सगळ्यांत पांढरा ठिपका कुठे आहे, सगळ्यांत गडद भाग कुठे आहे, पडछाया वस्तूजवळ कशी धारदार आहे आणि लांब जाताना कशी मऊ होते, सावलीच्या पोटात खालच्या कापडावरून परतलेला उजेड कुठे आहे. मी या वेळेला प्रार्थनेची वेळ मानते. निदान पाऊण तास द्या.

४. फोटो काढा, पण वस्तू हलवू नका

द्राक्षं दोन-तीन दिवसांत मऊ पडतात, देठ तपकिरी होतो. चित्राला काही आठवडे लागतात. म्हणून फोटो लागणारच. मोबाइल वस्तूंपासून लांब ठेवून, झूम करून फोटो घ्या; जवळून घेतला तर तांब्याचं पोट फुगतं. एक फोटो सावलीतलं दिसेल असा, एक उजेडातलं दिसेल असा. मोबाइल सावल्या एकदम काळ्या करून टाकतो, आणि त्या सावल्यांमध्येच अर्धा रंग असतो. तांब्या आणि हळकुंडं तशीच मांडून ठेवा, रंग नेहमी त्यांच्यावरूनच ठरवा. दुसऱ्याने काढलेला फोटो उतरवून आपल्या नावावर चित्र लावू नका.

५. रेखाटन वेगळ्या कागदावर

चांगल्या कागदावर खोडाखोड झाली की दाणा मरतो आणि त्या जागी रंग चढत नाही. आधी साध्या कागदावर रेखाटन पूर्ण करा, मग ट्रेसिंगने किंवा खिडकीच्या काचेवर धरून उतरवा.

तांब्याची मध्यरेषा आधी काढा आणि दोन्ही कुशी तिच्यापासून मोजा. तोंड आणि बूड दोन्ही लंबवर्तुळं आहेत. डोळ्याच्या पातळीच्या जवळचं लंबवर्तुळ चपटं दिसतं, खालचं जास्त उघडं. नवखे लोक तोंड गोल आणि बूड सरळ रेषेत काढतात, मग तांब्या टेबलावर बसलेला वाटत नाही. रेखाटन आरशात बघा, वाकडेपण लगेच दिसतं.

सापळा: शिसपेन्सिलीच्या गडद रेषा. त्यांच्यावर पिवळा चढला की ग्रॅफाइट त्यात मिसळतं आणि पिवळा मळकट हिरवट होतो. हळकुंडाची रेषा गेरूच्या पेन्सिलीने काढा, द्राक्षांची ऑलिव्हने. शिसपेन्सिल वापरलीच तर रंग लावण्याआधी ब्लू टॅक दाबून जवळजवळ सगळी उचलून घ्या.

६. थर द्या: इथे घाई कराल तर पुढे काही करता येणार नाही

रंगीत पेन्सिलीचा रंग पारदर्शक असतो आणि गडदावर फिकट झाकत नाही. म्हणजे पांढरं जिथे हवं तिथे कागद कोरा सोडावा लागतो. दुसरं, कागदाच्या दाण्यात ठरावीकच रंग मावतो. पहिल्याच हाताला दाबून लावला तर दाणा चपटा होतो आणि पुढचे थर घसरतात.

पेन्सिल मागे धरा, तिच्या स्वतःच्या वजनाइतकाच दाब द्या, टोक सतत तीक्ष्ण ठेवा, आणि बारीक गोलगोल हात फिरवा. बोथट टोक दाण्याच्या माथ्यावरच रंग ठेवतं. तीक्ष्ण टोक खळग्यात उतरतं. चित्र दाणेदार, शाळकरी दिसण्याचं मुख्य कारण बोथट टोक हेच आहे. हाताखाली कोरा कागद ठेवा आणि उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडून उजवीकडे जा.

हळकुंड. यापासूनच सुरुवात करा, ते चुका पचवतं. हळकुंड उकडून, वाळवून, पॉलिश केलेलं असतं, तरी त्याची चमक मंद असते. सगळीकडे क्रीमचा थर द्या. मग सावलीच्या भागात अगदी हलका जांभळा. पिवळ्याखाली जांभळा लावताना हात थबकेल, पण तो तिथेच लागतो: वर पिवळा आणि गेरू चढला की सावली तपकिरी, खरी आणि खोल होते. सावलीत नुसता तपकिरी लावला तर ती वर चिकटवल्यासारखी दिसते. हळकुंडावरची आडवी वलयं सलग रेषांनी काढू नका. उजेडात ती तुटतात, सावलीत दाट होतात. एक हळकुंड मोडून ठेवा. आतला गर्द नारिंगी रंग चित्रातला सगळ्यांत तेजस्वी रंग होतो, आणि मोडलेल्या कडेला शिंगासारखी चकाकी असते.

द्राक्षं. इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात: चेंडूसारखी छाया देतात. चेंडूत उजेड आत शिरत नाही. हिरव्या द्राक्षात शिरतो, आरपार जातो आणि पलीकडच्या बाजूला आतून उजळतो. म्हणून डावीकडून उजेड असेल तर डावीकडे छोटा पांढरा ठिपका, त्याच्या शेजारचा भाग गडद, आणि उजवीकडे खाली पिवळसर उजळलेला भाग. तुम्हाला वाटेल त्याच्या नेमकं उलटं. आधी फिकट पिवळा, मग पोपटी, मग ऑलिव्ह, आणि शेवटी दोन द्राक्षांच्या फटीत गडद हिरवा आणि जांभळा. घडातल्या दोन-तीन द्राक्षांवरच पूर्ण मेहनत घ्या, मागची विरू द्या.

द्राक्षं धुऊ नका. त्यांच्यावर एक पांढरट झाक असते, बोट लागलं की पुसली जाते. तीच त्यांना ताजेपण देते. चित्रात ती शेवटी येते: हिरवे थर झाले की थंड करडा आणि आकाशी अगदी हलक्या हाताने, वरून थोडी पांढरी. बोट लागलेली जागा सोडा, तिथे हिरवा स्वच्छ चमकू द्या. ही एक सोडलेली जागा चित्राला जेवढं खरं करते तेवढं इतर काही करत नाही.

तांब्या. चिंचेने घासून घ्या. धातूत मऊ छटा जवळजवळ नसतात. काठावर एकदम कापलेले आकार असतात. तांब्या काढायचा विचार सोडा, त्यात दिसणारे आकार काढा: खिडकीची चौकट वाकून पट्टी झालेली, शेजारच्या हळकुंडाचा पिवळा पोटावर उतरलेला, कापडाचा फिकटपणा बुडाशी. प्रत्येक आकाराची रेषा आखून घ्या. पांढऱ्या चमकेची जागा कोरी, तिच्या लगतच विटकरी आणि सेपिया थेट भिडवा. मधे छटा घालून मऊ केलं की तांबं मातीचं होतं. बारीक चरे हवे असतील तर रंग लावण्याआधी आटलेल्या बॉलपेनने कागदावर दाबून रेषा ओढा. पेन्सिल वरून जाते आणि रेषा पांढरी राहते.

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात एकदा जाऊन या. १९३८ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी ते उभारलं. तिथल्या राजा रविवर्म्याच्या मूळ चित्रांत दागिने आणि जरीचे काठ जवळून पहा: चमक म्हणजे गडदाच्या शेजारी ठेवलेला उजेडाचा छोटासा तुकडा, हे समोर दिसतं. माध्यम तैलरंगाचं आहे, पण हा धडा पेन्सिलीलाही लागू पडतो.

७. काळी पेन्सिल डब्यातच राहू द्या

काळ्याने सावली मरते. इंडिगोवर गडद लाल आणि वर सेपिया दिला की काळ्याइतकीच गडद पण जिवंत सावली मिळते. हिरव्याच्या सावलीत थोडा लाल, पिवळ्याच्या सावलीत जांभळा. आणि गडद भाग पुरेसे गडद करा. घाबरून सगळं मधल्या टोनमध्ये ठेवलं की चित्र धुरकट दिसतं. मला दाखवायला आलेल्या बहुतेक चित्रांत हाच दोष असतो. चित्राचा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा आणि मूळ फोटोशेजारी ठेवा. फरक कुठे आहे ते लगेच कळतं.

पांढरं कापडही पांढरं नसतं. घडीत थंड करडा आणि आकाशी, उजेडाकडे क्रीम, तांब्याजवळ विटकरीचा स्पर्श. कागद कोरा फक्त घडीच्या माथ्यावर.

८. रविवारी काम थांबवा

मी रविवारी पेन्सिल उचलत नाही. चित्र भिंतीशी लावून ठेवते आणि उपासनेला जाते. पाळलेल्या विसाव्याचा चित्रालाही उपयोग होतो. सोमवारी पाहिलं की तांब्या कुठे झुकलाय, कुठला घड जड झालाय ते स्वच्छ दिसतं. तुम्ही कुठलाही वार धरा, पण आठवड्यातून एक दिवस चित्राला हात लावू नका.

९. घोटणं सगळ्यांत शेवटी

फिकट किंवा रंगहीन पेन्सिलीने जोर देऊन वरून घोटलं की दाणा बुजतो आणि पृष्ठभाग चकचकीत होतो. हे फक्त तांब्यावर आणि द्राक्षांच्या उजळ भागावर करा. हळकुंड आणि कापड घोटू नका, त्यांचा खरबरीतपणाच त्यांची ओळख आहे. घोटल्यानंतर नवा थर बसत नाही, म्हणून सही करायच्या दिवशीच हे काम घ्या.

मेणाच्या पेन्सिली जाड लावल्या असतील तर काही दिवसांनी गडद भागांवर पांढुरकी साय येते. घाबरू नका, बुरशी नाही. मेण वर आलेलं असतं. मऊ कापडाने अलगद पुसा आणि फिक्सेटिव्हचे (रंग पक्का धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे) दोन-तीन पातळ फवारे द्या, मोकळ्या हवेत, आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर बघून.

१०. पावसाळा, चौकट आणि पूर

जूननंतर कागद हवेतलं पाणी ओढतो, मऊ पडतो आणि जोर दिला की दाणा सोलला जातो. कोरे कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद फोल्डरमध्ये ठेवा. ज्या दिवशी कागद हाताला गार आणि लिबलिबीत लागेल त्या दिवशी फक्त रेखाटन करा.

चौकट करताना चित्र काचेला चिकटता कामा नये. मधे माउंटचा जाड आम्लरहित पुठ्ठा हवा, नाहीतर दमट हवेत रंग काचेला लागतो. चौकटवाल्याला हे स्वतः सांगा. न सांगितल्यास तो बरेचदा काच थेट चित्रावर ठेवतो. चौकटीत जाण्यापूर्वी ६०० डीपीआयने स्कॅन करून घ्या.

आणि कृष्णाकाठी राहत असाल तर चित्रं तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नका. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत पाणी कुठवर आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चौकटीतली चित्रं जून ते सप्टेंबर वरच्या मजल्यावर, सुटे कागद प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या पेटीत, आणि स्कॅनची एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे द्या.